ज्याने हुकूम दिला

शुक्रवारी दुपारी, अमेरिकेत नोव्हायच्या माझ्या घरात, बाबांनी एर्न्स्ट ऱ्योमच्या चरित्राचं शेवटचं प्रकरण मला वाचून दाखवलं. मिरजेला ते शाळेत इतिहास शिकवायचे. माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आले, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे विमानप्रवास बंद झाला म्हणून तीन वर्षं राहिले. मी त्यांचं ग्रीन कार्डही करून घेतलं. गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. मग ते हे चरित्र लिहीत बसायचे.

"हा हिटलरच्या खाजगी फौजेचा सेनापती. हिटलर जुना मित्र, त्यानेच पकडून कोठडीत टाकलं. समोर पिस्तूल ठेवलं, स्वतःला संपव म्हणून. हा म्हणाला, मारायचंच असेल तर ज्याने हुकूम दिला त्याने यावं."

"आला?"

"छे! दुसऱ्यांना पाठवलं." बाबा चष्मा पुसू लागले. "माणूस गुंडच. त्याची कसली दया? पण एवढं मागणं रास्त होतं." मग म्हणाले, "मार्चमध्ये तरी मिरजेला सोडतील का गं तुझे डॉक्टर?"

"विचारते, बाबा. चहा टाकू?"

"टाक. कैद्याला साखर दोन चमचे."

शनिवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

फ्युनरल होममध्ये त्यांच्याजवळ थोडा वेळ मला एकटीला बसू दिलं. मी दार लावून घेतलं.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "डॉक्टर कधीच नको म्हणाले नव्हते. मीच तुम्हाला जाऊ दिलं नाही."