मजुरी कुणाच्या हातात

"पैसे मी तुमच्या हातात देणार नाही," नीलम्मा बाईंनी आधीच सांगून टाकलं. "जे माणूस काम करील, त्याच्याच हातात देईन. चालेल?"

ओट्यावर टेकलेला भुजंग जरा दचकला. मग म्हणाला, "चालंल की. काम करंल त्याला द्या. बरोबरच हाय."

गोष्ट ऐंशी सालच्या सुमाराची. बाईंची बदली नुकतीच बोरीच्या शाळेत झाली होती. बाळंतपणाची रजा आज संपत होती. नवरा गंगाखेडला बँकेत, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि कडेवर पाच महिन्यांची पोर. बरं, ती तरी कुणाकडे राहावी? परक्यानं घेतलं की रडारड. सकाळच्या शाळेपुरतं सांभाळणारं कुणी मिळालं नाही, तर नोकरीवर पाणी सोडायची पाळी होती.

शाळेचा शिपाई आश्रुबा एवढंच म्हणाला होता, "भुजंगशी बोला, काम होऊन जाईल." आणि हा आपला एकटाच आला. बायकोच्या मजुरीचं बोलायला नवरा येतो, हे बाईंना काही नवं नव्हतं. पण राग यायचा तो यायचाच.

"महिन्याला किती?"

"साठ द्या."

"साठ? महिनाभर अर्धा-अर्धा दिवस खुरपायला गेलं तरी जास्त पडतात. नव्वद देईन. सात ते बारा. रविवारी सुट्टी. मला यायला उशीर झाला, तर त्याचे वेगळे."

भुजंग बघतच राहिला. "लय झाले, बाई."

"लय नाहीत, रास्त आहेत. सकाळचा चहा इथंच. आणखी काही?"

"बारानंतर थांबायला जमायचं न्हाई. लेकरं शाळेतून उपाशी येत्यात. भाकर टाकावी लागती."

"खरंय. बाईमाणसाला घरचंही बघावंच लागतं. नाव काय तिचं?"

भुजंग सदऱ्याच्या बाहीवरचा वेडावाकडा टाका नखानं खरवडत राहिला. "कडूबाई."

"लहान लेकराची सवय आहे ना?"

"घरात दोन वाढल्यात. धाकटं तर लय रडकं व्हतं."

"आणि तुम्ही काय करता? स्पष्टच सांगते भुजंगराव, ती राबणार आणि तुम्ही पारावर बसणार, असलं मला खपायचं नाही."

भुजंगनं तोंड उघडलं, तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं.

"उद्या सातला," तो उठत म्हणाला. "पक्कं."

चला, सुटले एकदाची! त्या दिवशी बाईंना जेवण गोड लागलं.

सकाळी सातला कडी वाजली. दारात भुजंग. एकटाच. हातपाय स्वच्छ धुतलेले, खांद्यावर जुनं मऊ लुगडं.

बाईंनी त्याच्यामागं वाकून पाहिलं. पोर रडून लाल झाली होती, शाळा भरायची वेळ होत आली होती. "कडूबाई कुठंय? ऐन वेळी नाही म्हणाली का?"

भुजंगनं हात पुढं केले. पोरीला खांद्यावर घेऊन पाठीवर हळूच थोपटलं. ढेकर निघाली. पोरीनं त्याचा सदरा मुठीत धरला आणि चक्क गप्प झाली.

"अगं बाई!" नीलम्मा बाईंच्या तोंडून निघून गेलं.

भुजंगनं एका हातानं लुगडं तुळईवरून टाकलं आणि झोळीची गाठ मारायला लागला.

"कडूबाईला जाऊन सात वर्सं झाली, बाई. धाकटं तवा हिच्याएवढंच व्हतं. जा तुमी, घंटा होईल. बारापर्यंत मी हाय."