बॉनेटच्या खाचा

जाड हातमोज्यांनी करवतीचं पातं धरता येईना, म्हणून मी ते काढून ठेवले. बर्फावर चालणाऱ्या स्कूटरचं बॉनेट समोर उपडं पडलं होतं. जोतीरामच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं आणि संध्याकाळच्या आत त्याला चौकीवरून खाली नेणं भाग होतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. हीच स्कूटर काल ओझं ओढताना तापून बंद पडली होती.

वजन कमी करायला मी हेडलाइट काढला, पुढची काच काढली, आतला जाड स्पंज खरवडून टाकला. मग गरम हवा बाहेर पडावी म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार लांब खाचा कापल्या. दोन तास गेले.

"सरकारी मालाची किसणी केलीस की रं," स्कूटरमागच्या स्लेजवर बांधलेला जोतीराम म्हणाला.

"गप पड. धाप लागंल."

स्कूटर वाटेत एकदाही थांबली नाही. खालच्या तळावर डॉक्टरांनी त्याला स्लेजवरच ऑक्सिजन लावला आणि वेळेत आणलंत म्हणाले. जोतीरामनं मास्क जरा बाजूला केला.

"त्या किसणीवर हात धर, लेका. जरा शेकून घे."

मी हातमोजे काढले. बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. ती खाचांवर धरली. नखांतलं बर्फ लगेच वितळलं.

"लागतीया का ऊब?"

"लागतीया," मी म्हणालो. बोटांवरून पाणी ओघळत होतं. मला ते नुसतं दिसत होतं.