एक पाऊल मागं

नारायणगावच्या ऋतिकला जुन्या रशियन लेन्सचा नाद. लेन्स पूर्ण उघडी ठेवून तो चेहरे टिपायचा. समोरच्या माणसाचे डोळे लख्ख यायचे आणि मागचं सगळं धुक्यात विरघळून जायचं.

मढ गावात त्यानं म्हाताऱ्या गेणभाऊंना त्यांच्या घराच्या ओट्यावर बसवलं. "आजी, तुम्हीपण बसा शेजारी," तो चिमाबाईंना म्हणाला. पण नवऱ्याच्या बरोबरीनं बसणं त्यांना जमेना. पदर सावरत त्या मागं दारात उभ्या राहिल्या.

"हसा जरा, बाबा."

गेणभाऊ काही हसले नाहीत. मागं चिमाबाई तेवढ्या खुदकन हसल्या.

फोटोला पुण्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. गेणभाऊंच्या डोळ्यांभोवतीची सुरकुती न् सुरकुती त्यात दिसत होती.

दिवाळीनंतर, चिमाबाईंचा दहावा उरकून, त्यांची तसबीर करून घ्यायला गेणभाऊ तोच फोटो घेऊन ऋतिकच्या स्टुडिओत आले.

"आजींचा दुसरा एखादा फोटो नाही का, बाबा?" ऋतिकनं चाचरत विचारलं.

"आधार कारडावरचा हाय. पर ह्याच्यात ती हसली व्हती."

त्यांनी फोटोतल्या धुरकट दारापाशी बोट टेकवलं.

"मी फुडं बसल्यालो. मला नुसतं ऐकू आलं. तेवढी दिसती कर."