एक नंबरचं बटण

"बाकी काय करायचं ते कर, डॉक्टर. एक नंबर तेवढा जप," काकू म्हणाल्या.

डॉक्टर म्हणजे गाड्यांचा. आधी लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली खुपसायची आणि मगच तोंड उघडायचं, अशी त्याची सवय, म्हणून हे नाव पडलं होतं. हाताला ग्रीस न लावता हा गाडी बरी करतो, यावर शेजारच्या जुन्या मेकॅनिकचा अजून विश्वास नव्हता.

काकूंच्या गाडीतली ड्रायव्हरची सीट रुसून बसली होती. बॅटरी उतरली आणि सीटच्या कंट्रोल बॉक्सचं डोकं फिरलं. आता लॅपटॉपवरून त्याचं कोडिंग नव्याने करावं लागणार होतं, आणि त्यात सीटच्या लक्षात ठेवलेल्या जागा पुसल्या जायच्या. दारावर दोन बटणं होती. टिचकी मारली की सीट ठरलेल्या जागी जायची. दाबून धरलं, तर जुनी जागा पुसून असेल ती नवी लिहिली जायची. दोन नंबर काकूंचा. एक नंबर काकांचा, आणि काका जाऊन दोन वर्षं झाली होती.

"शनिवारी मुलगा येतोय," काकू सांगू लागल्या. "वर्षातून एकदा येतो. आला की बॅग दारातच टाकतो, आधी गाडीत बसतो आणि एक नंबर दाबतो. बाबांच्या जागेवर घटकाभर बसल्याशिवाय घरात पाऊल नाही. मागच्या खेपेला म्हणाला, बाबांची सीट पुढे आल्यासारखी वाटते. म्हटलं, तूच उंच झालास रे घोड्या. पस्तिशीत!"

डॉक्टर हसला, पण त्याला ते कळलं. त्याचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वडिलांची सायकल मामाने घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिची सीट चार बोटं खाली केली. मामाचं काही चुकलं नव्हतं, बिचाऱ्याचे पाय पुरत नव्हते. तरी डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा रडला होता.

"काळजी नको, काकू. हात लावण्याआधी जुन्या जागांची कॉपी लॅपटॉपवर काढून ठेवतो. नियमच आहे माझा."

काकू बाहेर बाकावर जाऊन बसल्या. त्याने कॉपी काढली, कोडिंग केलं. सीट गुरगुरत हलली. मग जुनी जागा परत टाकायला त्याने कॉपीची फाइल उघडली. फाइल शेजारच्या सीटची होती. यादीत दोन्ही सीट एकाखाली एक होत्या आणि बोलण्याच्या नादात त्याने खालची निवडली होती.

दोन नंबर पुन्हा लावता आला असता, काकू समोरच होत्या. काकांना कुठून आणायचं?

"काका उंच होते का हो?" त्याने आतूनच, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझ्याएवढे. घराच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचं, आणि शिव्या रोज सुताराला."

डॉक्टर स्वतः सीटवर बसला. पाय नीट पसरेपर्यंत सीट मागे नेली, जरा खाली घेतली, पाठ जराशी कलती केली आणि एक नंबर दाबून धरला. बारीकसा आवाज झाला. मग त्याने सीट पुन्हा पुढे आणि वर घेतली आणि तो उतरला.

"या काकू, बघून घ्या."

काकूंनी उघड्या दारातूनच टिचकी मारली. सीट हळूहळू मागे सरकली, खाली झाली, थांबली. त्यांनी सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"अगदी त्यांचीच," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते.

चूक खपली होती. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण त्याला ती सायकल दिसायला लागली.

"काकू, ही काकांची जागा नाही," तो म्हणाला. "माझं माप आहे. कॉपी चुकीची काढली मी. त्यांची जागा माझ्या हातून पुसली गेली. माफ करा."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्यांची जागा ते गेले त्याच आठवड्यात पुसली गेली रे," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याच बोटाने. टिचकी मारायची, तर मी रडत बटण धरूनच बसले. मग अंदाजाने लावली. कुणाला सांगितलं नाही."

हात अजून सीटच्या पाठीवरच होता.

"तुझी जास्त बरोबर आहे. पोरगा काही उंच झाला नव्हता."