वरून दिसणारं शहर

स्टेडियम झालं तेव्हा गल्लीत सगळ्यात जास्त मिरवले ते आमचे बाबा. “आता आपलं शहर जगाच्या नकाशावर!” असं ते पेपरवाल्यालासुद्धा थांबवून ऐकवायचे.

पहिल्या मॅचच्या संध्याकाळी तिकडचे मोठे दिवे लागले आणि लोड झेपेना म्हणून आमच्या अख्ख्या भागाची लाइट घालवली. टीव्ही बंद. बाबा गच्चीत डास मारत शेजारच्या स्टेडियममधला नुसता आरडाओरडा ऐकत बसले.

तेवढ्यात परगावच्या साडूंचा फोन आला. “अहो, टीव्हीवर वरून काय झकास दिसतंय तुमचं स्टेडियम! आणि त्याच्याभोवती ते काळंभोर तळं कधी केलंत?”



अंधारात बुडालेल्या आमच्या गल्लीकडे एकदा बघून बाबा ताठ मानेने म्हणाले, “ते होय? ते स्टेडियमबरोबर फुकट मिळालं!”