थांबणारे सर

कुंभारवाड्यात मोबाईलला रेंज यायची ती डोंगरावरच्या कातळावर, तीही धड नाही. बसच्या मागणीसाठी साहेबांपुढं बोलायचं काम तुळजाच्या गळ्यात पडलं, तेव्हा ती त्या कातळावर बसून मोबाईलवर व्हिडिओ बघून भाषण करायला शिकली. शिकवणारे सर एक वाक्य बोलत आणि गप्प होत. हात तसाच वर, नजर समोर रोखलेली. बऱ्याच वेळानं पुढचं वाक्य येई. तुळजानं ते जसंच्या तसं उचललं.

सभेत ती उभी राहिली.

"आमच्या गावाला बस न्हाई."

हात वर धरून ती साहेबांकडं बघत राहिली. मागची कुजबुज थांबली.

"गेल्या पावसात माझ्या जावंला घोंगडीच्या झोळीतनं दवाखान्यात न्हेलं."

पुन्हा तीच नजर. आता पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ती वाटंतच बाळंत झाली."

यानंतर ती जी थांबली, ती बोललीच नाही. बोलायची गरजच उरली नव्हती.

बस सुरू झाली. पहिल्याच फेरीला तुळजा नवरा गुरुदास याच्यासोबत रामनगरला गेली. तिथं रेंज भरपूर. हॉटेलात चहा येईस्तोवर तिनं मोठ्या अभिमानानं मोबाईल त्याच्यापुढं केला, "माझं सर बघा की."

व्हिडिओ एकदाही अडकला नाही. सर धाडधाड बोलत सुटले.

तुळजाचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "आज घाबरल्यात वाटतं. थांबायचंच इसरल्यात."