पाणी बंद करतोय होऽ!

"शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट वर्षभर बंद आहे, तरी सगळ्यात जास्त पाणी तिथेच मुरतं," गच्चीवरच्या टाकीपाशी घरमालक म्हणाला. "ती लाइन तोडली की खर्च निम्म्यावर. कशी वाटते योजना?"

"झकास!" प्लंबर म्हणाला आणि कठड्यावरून खाली वाकून ओरडला, "पाणी बंद करतोय होऽ!"

"अहो, रिकाम्या घराला कसली हाक?"

"सवय, साहेब. कोणाच्या अंगाला साबण असला तर शिव्या मलाच."

त्याने व्हॉल्व्हला हात घातला, तोच खालच्या बंद खिडकीतून एका म्हातारीचा आवाज आला, "थांब रे बाबा, डोळ्यांत साबण गेलाय!"

घरमालकाने झटकन प्लंबरचा हात धरला.

"राहू दे चालू," तो पुटपुटला. "आई गेली तेव्हा तिची आंघोळ अर्धीच राहिली होती."